वाचकांचे प्रश्न : साथीचा काळ, अनुदाने आणि गावातील आरोग्य संस्था

प्रश्न : कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये, एका कंपनीने आमच्या संस्थेला सामाजिक दायित्व निधीतून (सीएसआर) ऑक्सिमीटर, तापमापक आणि मास्क दिले. घरोघर फिरून नोंदी ठेवणाऱ्या आमच्या नऊ महिलांना मानधन द्यावे, ही मागणी मात्र ‘प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे’ असे सांगून नाकारण्यात आली. हे नियमाला धरून होते का? — एका महिला आरोग्य संस्थेच्या सचिव, धारबांदोडा

उत्तर : नव्हते. सीएसआरच्या नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरे. पण ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर करावयाच्या खर्चाला लागू होते. प्रत्यक्ष प्रकल्प राबवण्यासाठी, त्यावर देखरेख ठेवण्यासाठी किंवा त्याचे मूल्यमापन करण्यासाठी होणारा खर्च ‘प्रशासकीय खर्चा’च्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत लिहिणारी आणि तो घसरताच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणारी बाई हाच तो प्रकल्प आहे. तिचे मानधन प्रशासनात मोडत नाही. कोविडवरील खर्च सीएसआरमध्ये धरला जाईल, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने 23 मार्च 2020 रोजीच जाहीर केले होते.

ही गोष्ट गोव्यात अधिक आग्रहाने मांडावी लागते, कारण इतर राज्यांत आशा कार्यकर्त्या करीत होत्या ते काम करायला आपल्याकडे कोविडच्या काळात आशा कार्यकर्त्याच नव्हत्या. आरोग्य सेविका आणि अंगणवाडी सेविका पोहोचू शकल्या नाहीत त्या वाड्यांवर आपल्यासारख्या संस्थांच्या महिला पायी गेल्या, आणि हे काम सेवाभावाने झाले म्हणून त्याचे मोल देण्याची गरज नाही, असा समज देणाऱ्यांनी करून घेतला. तो समज मला अन्यायाचा वाटतो.

यापुढे प्रस्ताव लिहिताना ‘मानधन’ हा शब्द ‘कार्यालयीन खर्च’ या शीर्षाखाली टाकू नका. ‘घरभेटी’ असे स्वतंत्र शीर्ष करून त्याखाली घरांची संख्या, आठवड्यातील भेटी, दर भेटीचा दर, प्रवासखर्च आणि विमा यांचा हिशेब मांडा. विम्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. 2020 मध्ये केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाख रुपयांचे विमासंरक्षण जाहीर केले तेव्हा सरकारने कोविडच्या कामासाठी अधिकृतपणे घेतलेले स्वयंसेवकही त्यात होते. स्वतःहून पुढे आलेल्यांच्या हाती मात्र तसा कोणताच कागद नव्हता. म्हणून साथीच्या पहिल्या आठवड्यातच आरोग्य केंद्राकडून प्रत्येकीच्या नावाचे नेमणूकपत्र मागून घ्यावे.

आपला तालुका खाणपट्ट्यातला आहे, तेव्हा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा मार्गही डोळ्यांआड करू नका. हा निधी खाणींमुळे बाधित झालेल्या लोकांसाठी असतो आणि आरोग्य हा त्यातील प्राधान्याचा विषय आहे. शिवाय मार्च 2020 मध्ये केंद्राने त्यातील शिल्लक रकमेपैकी 30 टक्क्यांपर्यंत रक्कम कोविडसाठी वापरण्याची मुभा राज्यांना दिली होती. ग्रामसभेचा ठराव जोडलेली मागणी अधिक वजनदार ठरते.

प्रश्न : आमच्या गावचे अनेक जण लंडनमध्ये आणि आखाती देशांत आहेत. साथीच्या काळात त्यांनी रुग्णवाहिकेसाठी पैसे देऊ केले, पण आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालील, नोंदणी नसल्याने आम्ही घाबरून नकार दिला. आम्ही ते घेऊ शकलो असतो का? — एका संस्थेचे खजिनदार, पेडणे

उत्तर : काहींचे घेता आले असते, काहींचे नाही. देणारा कोणत्या देशात राहतो यापेक्षा त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, हे येथे महत्त्वाचे ठरते. मस्कत किंवा दुबईत नोकरी करणारा, पण भारतीय पासपोर्ट बाळगणारा गावकरी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकव्यवहाराने देणगी देत असेल, तर कायद्याने ती विदेशी देणगी ठरत नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत, देणगीचे पत्र आणि पावती जपून ठेवावी.

लंडनमधील गोमंतकीयांचा प्रश्न वेगळा आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेण्याची वाट मोकळी असल्याने अनेक कुटुंबांनी ते घेतले आणि त्या पासपोर्टवर ती इंग्लंडला गेली. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या विदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यामुळे आपल्याच वाड्यावर वाढलेला, दर चतुर्थीला घरी येणारा माणूसही या कायद्याच्या नजरेत ‘विदेशी स्रोत’ होतो. हे मनाला लागते, पण खजिनदाराने भावनेवर जाऊन पावती फाडू नये.

त्याने पैसे भावाच्या खात्यावर पाठवावेत आणि भावाने ते संस्थेला द्यावेत, ही पळवाट तर मुळीच धरू नका. विदेशी स्रोताकडून आलेले पैसे एका किंवा अनेक हातांतून फिरून आले, तरी ते विदेशी देणगीच राहतात, असे कायदा स्पष्ट म्हणतो. नोंदणी असलेल्या एखाद्या मोठ्या संस्थेने स्वतःला मिळालेल्या विदेशी देणगीतील पैसे तुम्हांला देण्याची सोयही सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीने, म्हणजे साथ ऐन भरात असतानाच, बंद झाली. तेव्हा अनेक लहान संस्थांचा आधार याच मार्गावर होता, म्हणून त्या दुरुस्तीची वेळ मला आजही खटकते.

नियमित नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी असावी लागते आणि त्या तीन आर्थिक वर्षांत मूळ उद्दिष्टांवर किमान 15 लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. तेवढी उलाढाल नसेल, तर ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम आणि ठरावीक काम यांपुरती ‘पूर्वपरवानगी’ मागता येते. रुग्णवाहिकेसाठी तीच योग्य ठरेल. दोन्ही बाबतींत पैसे प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात. ही कामे साथ आल्यावर होत नाहीत, तेव्हा अर्जाची तयारी आताच सुरू करावी.

प्रश्न : कोविडसाठी केंद्राच्या योजनेतून मिळालेल्या अनुदानातील काही हजार रुपये आणि त्यांवरील व्याज आमच्या खात्यात पडून आहे. ते डेंग्यूच्या कामासाठी वापरावे का? — एक कार्यकारिणी सदस्य, काणकोण

उत्तर : लेखी परवानगीशिवाय वापरू नका. अनुदान मंजुरीपत्रातील कामासाठीच असते आणि केंद्राच्या अनुदानावरील व्याज हिशेब पूर्ण होताच परत करावे लागते. मंजुरी देणाऱ्या खात्याला शिल्लक रक्कम कळवा, डेंग्यूचा प्रस्ताव स्वतंत्रपणे जोडा आणि विनियोग प्रमाणपत्र (अनुदान ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) राहिले असेल, तर ते आधी पाठवा, कारण ते मिळेपर्यंत पुढचे अनुदान अडकून राहू शकते. त्या पैशांतून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखी यंत्रे घेतली असतील आणि ती आता आरोग्य केंद्राला द्यायची असतील, तर त्यासाठीही त्याच खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी आणि तिची प्रत मालमत्ता नोंदवहीत लावावी.