वाद विडीचा नको, घरातल्या हवेचा कर

तुला अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. घरात विडी ओढण्यावरून तुझ्या वडिलांशी, आप्पांशी, पुन्हा वाजलं आणि "माझा बाप विडी ओढून ऐंशी वर्षं जगला" म्हणत ते उठून गेले. त्या वाक्याला उत्तर देत बसू नकोस. आजोबा जगले हे खरंच आहे. आप्पांच्या आयुष्यावर वाद गेला की ते हटूनच बसणार. तू घरातल्या हवेवर बोल. वहिनीच्या तान्ह्याला उठून ओट्यावर जाता येत नाही, इथून सुरुवात कर.

तुमच्या यावलकडे पौष-माघात दारं-खिडक्या लावून सगळे मधल्या घरात निजतात आणि आप्पा पहाटे अंथरुणातच पहिली विडी पेटवतात. खिडकी किलकिली केली की झालं, असं त्यांना मनापासून वाटतं. तसं होत नाही. धूर दिसेनासा झाला तरी त्यातले बारीक कण हवेत राहतात, गोधडीला चिकटतात. त्या धुरात ७,००० हून अधिक रसायनं असतात, त्यातली ७० च्या आसपास कर्करोग करणारी. तान्ह्या मुलांना त्यानं न्यूमोनिया होतो, दमा जडतो, कानाचे आजार होतात.

"विडी पानाची, सिगारेटीसारखी नाही," असंही ते म्हणतील. टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट खेळत नाही. विझू नये म्हणून सारखे झुरके ओढावे लागतात, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटीपेक्षा जास्तच आत जातं.

"न ओढणाऱ्याला काय होतंय?" म्हणाले तर हिरायामांचं सांग. जपानच्या या डॉक्टरांनी १९८१ मध्ये, स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या ९१,५४० बायकांची १४ वर्षांची पाहणी मांडली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. सिगारेट कंपन्यांनी बराच गदारोळ केला, पण पुढच्या अभ्यासांतही तेच दिसलं. त्या बायकांना कसलंच व्यसन नव्हतं गं, त्या फक्त त्या घरात राहत होत्या.

"तुझी आई पऱ्हाट्यांच्या चुलीपुढे जन्मभर बसली, तेव्हा कुठे होतीस?" हा मात्र त्यांचा खरा मुद्दा आहे. तो लगेच मान्य कर. चुलीचा धूरही फुप्फुसं खराब करतोच. म्हणून तर आईच्या छातीत आणखी धूर नको.

मागणी एकच ठेव: छताखाली विडी नाही. दारातही नको, वारा धूर आतच आणतो. अंगणाच्या टोकाला कडुनिंबाखाली बसावं. एसटी स्टँडवर आप्पा विडी काढत नाहीत, २००८ पासून तिथे बंदी आहे. घरात तसा कायदा नाही, म्हणून तुलाच बोलावं लागेल. वहिनीला पुढे करू नकोस; सुनेनं सासऱ्याला अडवलं की गोष्ट मानापमानावर जाते.

सोडायचं त्यांच्याच मनात आलं, तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे. पहिले काही दिवस फार चिडचिड होते, तेव्हा त्यांचं बोलणं मनावर घेऊ नकोस.

रविवारी बोल, पाहुणे नसताना, जेवण झाल्यावर, काडेपेटी हातात घ्यायच्या आधी. काय झालं ते कळव.

तुझे सर