आधी मोजा, मग घाबरा

ताई, तुम्ही लिहिलंय की दर पाऊण तासाला लघवीला जावं लागतं, दाराच्या कुलपात किल्ली फिरवताना हमखास थेंब गळतात, ऑफिसात पाणी पिणं सोडलंय आणि भाचीच्या लग्नाला बसने कोल्हापूरला जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. माझी डोंबिवली ते सीएसएमटीची वर्षं आठवली. लोकलमध्ये शौचालय नसतं, त्यामुळे ठाणे, कुर्ला, दादर, कुठल्या फलाटाच्या कुठल्या टोकाला सोय आहे ते मला पाठ होतं.

आधी तपासण्या. लघवीची रुटीन आणि कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघायची तपासणी), साखर, आणि सोनोग्राफी करताना लघवी करून आल्यावर लघवीच्या पिशवीत किती उरते तेही मोजायला सांगा. मी 'उन्हाळी लागली असेल' म्हणून सब्जा आणि धन्याचं पाणी पीत बसले. मग एका डॉक्टरांनी कल्चर न करताच तीनदा अँटिबायोटिक दिलं. शेवटी कल्चर केलं तर जंतूच नव्हते! लघवीत रक्त दिसलं, ताप आला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटला, तर मात्र इथली उत्तरं वाचत बसू नका, थेट डॉक्टरकडे जा.

रिपोर्ट साफ आले तर माझ्या युरॉलॉजिस्टनी सांगितलं ते करा: तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मापाच्या मगात मोजून वेळेसकट लिहायची. (मगाला लाल नेलपॉलिशची फुली मारा. आमच्याकडे यजमान त्यातून ताक प्यायला निघाले होते.) माझे आकडे असे: दिवसभरात 17 वेळा, दर वेळी 80, 90, फार तर 110 मिली. आणि सकाळची पहिली? 350! म्हणजे पिशवी लहान नव्हतीच. साधारण 300 ते 500 मिली मावतात, माझ्याही मावत होते. फक्त पिशवीचा स्नायू पाव भरल्यावरच आवळायला लागायचा, आणि मी त्याचं ऐकून पळायचे.

या सवयीला खतपाणी आपणच घालतो. 'निघायच्या आधी एकदा जाऊन ये' हे आपल्याला आईने शिकवलेलं. लघवीची कळ नसताना, केवळ वाटेत नको म्हणून जात राहिलं की पिशवीला थोडक्यातच रिकामं व्हायची सवय लागते. रात्री झोपण्याआधीचं सोडून हे 'जाऊन येणं' बंद करा.

कळ आली की पळू नका. हे सगळ्यात अवघड, आणि याचाच सगळ्यात जास्त उपयोग. जागच्या जागी थांबा, जमलं तर खुर्चीच्या कडेवर टेकून बसा. वारा अडवताना जे स्नायू आवळतो तेच पाच-सहा वेळा झटपट आवळा-सोडा, आणि शंभरातून सात-सात वजा करत उलटे आकडे म्हणा. कळ लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. ओसरली की चालत जा. कुलपापाशीही हेच: किल्ली बाहेर काढायच्या आधी थांबायचं.

मग दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला 15 मिनिटांनी वाढवायचं. पाऊण तासावरून अडीच तासांवर यायला हिशेबाने सात-आठ आठवडे लागतात, मला बारा लागले. मधे खोकला झाला आणि गाडी परत तासावर आली. तेव्हा रडलेही. स्नायूंचा व्यायाम दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठदा, आणि किमान तीन महिने. पोट आणि नितंब न आवळता जमतंय का, हे एकदा फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. मी पहिला महिना चुकीचंच करत होते.

पाणी तोडू नका. लघवी घट्ट झाली की पिशवीला अधिकच टोचते, शिवाय बद्धकोष्ठ होतं आणि भरलेलं आतडं पिशवीवर दाबतं. दिवसाला दीड-दोन लिटर, थोडं थोडं, आणि झोपायच्या दोन-तीन तास आधी थांबायचं. चहा मी पाच कपांवरून दोनवर आणला. साडेचारचा कप सोडणं गोळ्यांपेक्षा कठीण गेलं. रात्री उठावं लागत असेल आणि संध्याकाळी पाय सुजत असतील, तर दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडा. पायात साचलेलं पाणी आडवं झाल्यावर लघवीवाटेच उतरतं.

गोळ्यांची भीती नको, पण माहिती हवी. मला आधी सोलिफेनासिन दिली होती, पिशवीचा आवळणारा स्नायू शांत करणारी गोळी. तोंडाला कोरड, मलावरोध. मग मिराबेग्रॉन, त्याच कामाची पण वेगळ्या जातीची, तिच्यावर रक्तदाब बघावा लागतो. चार आठवडे तरी परिणामाची वाट पाहावी लागते. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. घरातल्या वयस्करांना तुमची गोळी परस्पर देऊ नका, सोलिफेनासिनच्या जातीच्या गोळ्यांनी त्यांचा गोंधळ उडू शकतो. पाळी जायच्या बेताला असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. याउपर पिशवीत बोटॉक्सचं इंजेक्शन वगैरे आहे, पण ते फार पुढचं.

आणि कोल्हापूरला बस कशाला? मुंबईहून निघणार असाल तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस घ्या, दाराजवळचा खालचा बर्थ मागा. सोय आहे हे माहीत असलं की कळही कमी येते, हा माझा अनुभव. पर्समध्ये पॅड ठेवा, त्यात लाजायचं काही नाही.

मोजायला शनिवार-रविवारला जोडून सुट्टी घ्या, ऑफिसात मापाचा मग घेऊन फिरता येत नाही. तिन्ही दिवसांचे आकडे इथे टाका, सकाळचा पहिला वेगळा लिहून. मला तोच बघायचाय.