कॉम्प्युटरला पीएस४ (प्लेस्टेशन ४ गेमिंग कन्सोल) सापडत नसेल तर आधी दोघांचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, बघा

‘दोन्हीकडे इंटरनेट चालतं, पण रिमोट प्ले (पीएस४चे गेम कॉम्प्युटरवरून खेळायचं ॲप) कन्सोल शोधतच राहतं’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि फोंड्याच्या आमच्या घरातले ते तीन आठवडे आठवले. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय पोचत नाही म्हणून मागच्या खोलीत दुसरा राउटर लावलाय, असंही तुम्ही लिहिलंय. माझ्या मते गोम तिथेच आहे.

कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी दिसतो, विंडोज कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाइप केल्यावर. आमच्याकडे कॉम्प्युटर १९२.१६८.१.५ आणि पीएस४ १९२.१६८.०.१२. तिसरा आकडा वेगळा, म्हणजे एकाच घरात दोन वेगळी नेटवर्कं. मागच्या खोलीतल्या दुसऱ्या राउटरला जोडलेलं कन्सोल पहिल्या राउटरवरच्या कॉम्प्युटरला दिसतच नाही. पीएस४च्या मीडिया प्लेयरमध्ये कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ दिसत नव्हते तेही यामुळेच.

हे मला कोणी सांगितलं नाही. कनेक्शन देणाऱ्यांना सात-आठ फोन केले. दरवेळी स्पीड टेस्ट करायला लावायचे आणि ‘स्पीड बरोबर आहे, दोष तुमच्या मशीनमध्ये, रीसेट करा’ म्हणायचे. घरात दुसरा राउटर आहे का, एवढं एकानेही विचारलं नाही. शेवटी मी वैतागून पीएस४ पूर्ण इनिशियलाइज केला, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा केला. धाकट्या भावाचे दोन वर्षांचे सेव्ह (गेममधली साठवलेली प्रगती) त्यात होते, कॉपी कुठेच नव्हती. चतुर्थीच्या सुट्टीत तो घरी आला, कन्सोल लावला आणि काही न बोलता उठून गेला. तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून कळकळीने सांगतो, फोनवरचा माणूस काहीही म्हणो, सेव्ह पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय रीसेटला हात लावू नका.

उपाय दहा मिनिटांचा निघाला. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोड (वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय देणारी सेटिंग) असेल तर तोच लावा. आमच्याकडे नव्हता, म्हणून त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सोय) बंद केलं आणि डब्याकडून, म्हणजे इंटरनेटवाल्यांच्या मुख्य राउटरकडून, येणारी केबल वॅन (इंटरनेट आत येण्याच्या) पोर्टमधून काढून लॅन (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टमध्ये घातली. कन्सोल बंद करून चालू केला, लगेच सापडला. हा पत्ता आमच्या डब्याच्या हिशेबाने आहे, तुमचा डबा वेगळी मालिका वापरत असेल तर त्यातला मोकळा पत्ता घ्या.

आकडे जुळूनही सापडला नाही, तर कन्सोल गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) नाही ना आणि विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ नाही ना, ते बघा. एक्सबॉक्स मी वापरलेला नाही, त्याचं सांगू शकत नाही.

आणि मागच्या खोलीपर्यंत केबलच ओढा. चिऱ्याच्या भिंतीपुढे महागडे रिपीटर (वायफाय पुढे पोचवणारी यंत्रं) घेणं म्हणजे पैसे वाया, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त पावसाळ्यात गडगडाट सुरू होण्याआधीच राउटरचा ॲडॅप्टर आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवा. फायबरमधून वीज येत नाही, पण तांब्याच्या तारेतून येते. आमचा एक पोर्ट तसाच गेला.

तुमचे दोन्ही आयपी इथे टाका, पुढचं बघून सांगतो.