म्हापशात घराच्या कुंपणाला आडोसा हवाय, बारमाही हिरवं आणि फुलणारं काय लावू?
डोळे झाकून जास्वंद लावा. साधी, एकेरी लाल. संकरित जातींची फुलं मोठी, पण वाढ तेवढी दांडगी नसते. जूनमध्ये पाऊस धरला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वीतभर काड्या अडीच-अडीच फुटांवर खोचा. जांभ्याची जमीन असेल तर आधी चर खणून शेणखत घाला. गुडघाभर झाली की शेंडे खुडायला लागा, नाहीतर वर छत्री आणि खाली उघडी खोडं. मग आडोसा कसला! फुलं नव्या फुटीवरच येतात, तेव्हा छाटायला कचरू नका. फक्त चवथीच्या तोंडावर कात्री लावू नका, गणपतीला फुलं घरचीच मिळतील. उन्हाळ्यात शेंड्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी तेल. कण्हेर कोणी सुचवेल. ती विषारी, घरात लहान पोरं किंवा गुरं असतील तर नकोच.