घरात गडीमाणूस नाही, म्हणून लेकरू बिघडतं का?

अंबाजोगाईत समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. विचारणारी कधी विधवा असते, कधी नवऱ्यानं टाकलेली. कधी लेक-सून ऊसतोडीला कारखान्यावर गेलेत आणि नातवंडं सांभाळतेय अशी आजी. आपलं घर अर्धवट आहे, ही भीती सगळ्यांचीच.

केजकडच्या एका गावातून आई, सासू आणि आठवीतला मुलगा असे तिघं आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलाचे वडील दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेले. आईचं म्हणणं, "म्याडम, लेकरू नीट बोलना गेलंय. आज्जीच्या वसकन अंगावर जातंय. मार्क बी घसरले. बापाचा धाक नाही ना." माहेरच्यांचा सल्ला होता, मामाकडं ठेवा नाहीतर वसतिगृहात टाका.

मुलगा माझ्यापुढं नुसती मान हलवत होता. मी कागद दिला आणि म्हटलं, घरात कोण काय करतं ते काढ. आईजवळ त्यानं चूल काढली, आजीजवळ शेळी. स्वतःजवळ विहिरीवरची स्टार्टरची पेटी, दाराची कडी आणि पैशाची डबी. रात्री झोपतोस कधी, असं विचारल्यावर म्हणाला, "रात्रीची लाईट असली की झोपतच नाही. मोटर चालू करायला जावं लागतं." शेतीची वीज रात्री सोडतात तेव्हा तेरा वर्षांचं ते पोरगं बॅटरी घेऊन ज्वारीतून विहिरीवर जायचं. परत आल्यावर कडी लागली का ते दोनदा बघायचं, मग आडवं व्हायचं.

तेराव्याला मामानं टोपी घातली तेव्हा जमलेले सगळे त्याला म्हणाले होते, आता तूच घरचा कर्ता. बोलणारे प्रेमानंच बोलले. त्यानं मात्र ते शब्दशः घेतलं. मला तरी त्याला धाक कमी पडलेला दिसला नाही. त्याच्यावर बापाचं ओझं टाकलं होतं, आणि झोप नसलेलं लेकरू चिडणारच.

बाप नाही म्हणून मूल वाया जातं, असं सरसकट होत नाही. घरात रोजची भांडणं आहेत का, पैशाची ओढाताण किती, मुलाला जवळ घेणारं, ऐकून घेणारं मोठं माणूस आहे का, यावर खूप काही ठरतं. आपल्या मराठवाड्यात घरं तरी एकसारखी कुठं आहेत? लातूरला खोली करून आई मुलांना क्लासला घेऊन राहते, बाप गावाकडं शेत बघतो. कोयत्यावर गेलेल्या जोडीची लेकरं हंगामभर आजीच्या जिवावर असतात. जनगणनेत कुटुंब धरताना एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं बघतात, त्यात बाप असलाच पाहिजे अशी अट नाही.

आजींना मी रेशनकार्डाचं सांगितलं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात घरातली 18 वर्षांवरची वयानं सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली आहे. "म्हणजे कायद्यानंबी कर्त्या तुम्हीच, आज्जी." त्या जरा सावरून बसल्या. मग नातवाला म्हणाल्या, "आता घर मी अन् तुझी माय बघतो. तू शाळा बघ."

पोरगं खूश होईल असं आईला वाटलं होतं. ते उलट रडलं, रागावलं. "मग मी काय कामाचा?" दोन वर्षं त्यानं जीव लावून केलेलं काम आपण काढून घेत होतो. त्यामुळं सगळंच काढलं नाही. शेळीचं दाणापाणी आणि आईबरोबर आठवडी बाजार त्याच्याकडं ठेवला. रात्रीची मोटर चुलत दिरानं पत्करली, बदल्यात यांचा कडबा त्यांच्या जनावरांना. डबी आईकडं गेली. मामाला सांगितलं, फोन करा, पण मार्क विचारू नका. एक पालक गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत महिन्याला 2250 रुपये मिळतात. त्यासाठी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज केला.

आता तो झोपतो, संध्याकाळी कबड्डीला जातो. गणित अजून कच्चंच आहे. आजीच्या तोंडून मधूनच "माझा कर्ता" निघतं, आई तिथल्या तिथं टोकते.

तुमच्या घरातलं मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, खेळणं-मित्र सुटले असतील, वयाच्या मानानं फारच शहाणं झालं असेल, तर घरात माणसं किती आहेत ते मोजत बसू नका. त्या मुलावर काय काय पडलंय ते बघा आणि कुणाशी तरी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येतं.

मागच्या भेटीत आईनं नवीनच विषय काढला. दहावीनंतर पोराला लातूरला ठेवलं तर त्याच्यासोबत कोण राहणार आणि गावात आजीजवळ कोण? पुढच्या वेळी आजींनाही घेऊन या, असं सांगितलंय. त्यांचं मत अजून कुणी विचारलेलं नाही.