मळीची टाकी पहिल्यांदाच सांभाळताय? मग आधी तापमान बघा

अभिनंदन! सुरुवातीला ब्रिक्स (मळीत विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण), पीएच, गाळ अशा सगळ्याच गोष्टींमागे धावू नका. पहिले काही महिने उष्णता आणि पाणी, या दोनच शत्रूंवर डोळा ठेवा.

मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरणारा दाट पाक; यीस्ट घालून त्याचं अल्कोहोल करतात. सेंट्रिफ्यूगलमधून (साखरेचे दाणे वेगळे करणाऱ्या फिरत्या यंत्रातून) आलेली मळी गरम असते. ती थंड न करता साठवली, तर साखर आणि अमिनो आम्लं यांची अभिक्रिया सुरू होते. त्यातून आणखी उष्णता निघते, कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, फेस चढतो, मळी काळी पडते. यीस्टला मिळायची साखर अशी टाकीतच संपते आणि तयार झालेले पदार्थ पुढे किण्वनालाही (यीस्टने साखरेचं अल्कोहोल करण्यालाही) अडथळा करतात. म्हणून ४० अंश सेल्सिअसच्या खालीच ठेवा. तापमान रोज, आणि वर, मध्ये, तळाशी असं तीन ठिकाणी मोजा. चढताना दिसलं की मळी कूलरमधून फिरवायला लागा, उद्यावर टाकू नका.

नवख्यांच्या हमखास चुका:
- पंपाला जड जाते म्हणून टाकीतच पाणी किंवा थेट वाफ सोडणं. पातळ करायची ती वापरायच्या वेळी, टाकीबाहेर.
- छताची गळती दुर्लक्षिणं. पावसाचं पाणी वरच तरंगतं आणि त्या पातळ थरात जंतू वाढतात.
- जुन्या साठ्यावर नवी मळी ओतत राहणं. जुनी आधी संपवा.

आणि टाकीत एकट्याने कधीही उतरू नका. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, तळाशी साचतो. हवा तपासून आणि टाकीत उतरण्याचा परवाना घेऊनच आत जायचं.

टीआरएसच्या (मळीतल्या एकूण क्षपणकारी साखरेच्या) चाचण्यांचं नंतर बोलू. आधी महिनाभर तापमानाची वही नीट भरा.