जुन्या एफ-१५० पिकअपला मास एअर आणि मस्टँगचा कॉम्प्युटर बसवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९० ची फोर्ड एफ-१५०, ५.० लिटरचं व्ही-८ इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स. इंजिन उघडलंच आहे म्हणून कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, थोडक्यात कॅम) मोठा टाकला. तेव्हापासून आयडलला (जागेवर चालू असताना) गाडी डळमळते, सायलेंसरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो, मध्येच बंद पडते. आता कुणी सांगितलंय की फोर्डच्याच मस्टँग कारचा कॉम्प्युटर आणि मास एअर मीटर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) बसवा.

बसवा. मी माझ्या १९८९ च्या एफ-१५० वर हेच केलंय आणि पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करीन. फक्त हे काम 'मीटर लावला, कॉम्प्युटर बदलला, झालं' असं नाही. जे सांगतात ते मधली निम्मी गोष्ट गाळतात.

आधी दुखणं काय आहे ते बघू. तुमचा कॉम्प्युटर स्पीड डेन्सिटी पद्धतीचा आहे. इंजिनात किती हवा गेली हे तो मोजतच नाही. मॅनिफोल्डमधला दाब, आरपीएम आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहून तो हवेचा हिशेब करतो, आणि त्या हिशेबाचा तक्ता कारखान्यात मूळ कॅम धरून भरलेला असतो. दारातल्या चपला मोजून पानं मांडण्यातला प्रकार. मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतात, त्यामुळे आयडलला व्हॅक्यूम कमी होतो, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब वाढलेला दिसतो. कॉम्प्युटरला वाटतं, इंजिनावर भार आलाय, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. तो वास त्याचाच. मास एअरमध्ये हवेच्या वाटेत एक तापलेली बारीक तार असते. तिला ठरलेल्या तापमानावर ठेवायला किती करंट लागतो त्यावरून आत जाणारी हवा थेट कळते, मग कॅम कुठलाही असो. फोर्डनं मस्टँग ५.० मध्ये हा बदल आधी १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गाड्यांत केला आणि १९८९ पासून सगळीकडे. म्हणून सगळे १९८९ ते ९३ च्या मस्टँगच्या कॉम्प्युटरमागे असतात. त्यातला मॅन्युअल गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर म्हणजे ए९एल. तुमची गाडी मॅन्युअल आहे हे तुमचं नशीब. ई४ओडी ऑटोमॅटिक असती तर मी 'नको' म्हटलं असतं, कारण ते गिअरबॉक्स कॉम्प्युटरच चालवतो आणि ए९एलला त्यातलं काही कळत नाही.

भंगारातून आणलेला कॉम्प्युटर मात्र आधी उघडून बघा. तीस वर्षांत आतल्या छोट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून द्रव झिरपतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातो. माझ्या पहिल्या ए९एलचं झाकण काढलं तेव्हा कुजक्या मासळीसारखा वास आला आणि कपॅसिटरच्या पायांशी हिरवट चिकट डाग होता. विकणाऱ्यानं 'टेस्टेड' म्हणून दिला होता. कपॅसिटर काही रुपड्यांचे असतात, पण खाल्लेली रेघ जोडायला हात स्थिर लागतो. हाच तपास तुमच्या आत्ताच्या कॉम्प्युटरचाही करा. त्याच निमित्तानं फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपवर) गेज लावून प्रेशर बघा (रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर ४० पीएसआयच्या आसपास हवं). गळका रेग्युलेटर असला तरीही पेट्रोलचा वास अगदी असाच येतो, आणि मग सगळा खटाटोप वाया.

आता गाळलेली निम्मी गोष्ट.

तुमच्या ट्रकमध्ये इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) चार-चारच्या दोन गटांत एकदम उडतात. कॉम्प्युटरकडून आठ इंजेक्टरना दोनच वायरी. ए९एल प्रत्येक इंजेक्टर वेगळा, त्याच्या पाळीनुसार उडवतो. म्हणजे सहा नव्या वायरी ओढायच्या. आणि इथे फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) आडवी येते. ट्रकच्या ५.० ची मूळ ऑर्डर १-५-४-२-६-३-७-८, मस्टँगच्या एचओ (हाय आउटपुट) इंजिनाची १-३-७-२-६-५-४-८. ए९एलला दुसरीच माहीत. तुमचा नवा कॅम यातला कुठला, हे प्लगना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरूनच कळेल. रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. १ नंबरनंतर त्या दिशेनं पुढची वायर ५ नंबरच्या प्लगला जात असेल तर जुनी ऑर्डर, ३ ला जात असेल तर एचओ. गाडी चालतेय म्हणजे प्लगच्या वायरी कॅमशी जुळलेल्या आहेतच. नाहीतर तिनं फटाके वाजवले असते. एचओ असेल तर इंजेक्टर नंबराप्रमाणे सरळ जोडा. जुनी असेल तर कॉम्प्युटरच्या बाजूला ३ आणि ५ च्या वायरींची अदलाबदल करा, तशीच ४ आणि ७ ची. दोन्ही ऑर्डर एकाखाली एक लिहून पाहा, बाकी चार सिलिंडर जागच्या जागी राहतात. हे चुकलं तरी गाडी चालते, स्पार्क बरोबर असल्यामुळे. नुसतं पेट्रोल भलत्या वेळी फवारलं जातं. म्हणूनच ही चूक कित्येक महिने सापडत नाही.

डिस्ट्रिब्युटरही बघा. पाळी मोजायला कॉम्प्युटरला पहिला सिलिंडर कुठला ते कळावं लागतं. त्यासाठी मस्टँगच्या डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या चकतीचं एक पातं बाकीच्यांपेक्षा अरुंद असतं. गटानं उडणाऱ्या ट्रकला ही गरज नसते, म्हणून तुमच्या चकतीची आठही पाती सारखी असू शकतात. टोपी आणि रोटर काढून टॉर्च मारा, लगेच दिसतं. सगळी सारखी असली तर डिस्ट्रिब्युटर बदलायचा.

ऑक्सिजन सेन्सर ट्रकला एक, मस्टँगला दोन, प्रत्येक बाजूला एक. दुसऱ्यासाठी पाइपला नट वेल्ड करावा लागेल. आणि मॅप सेन्सरची (मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या) व्हॅक्यूम नळी काढून मॅनिफोल्डच्या बाजूनं बंद करा, सेन्सर मात्र जोडलेला आणि हवेला उघडा ठेवा. मास एअरचा कॉम्प्युटर त्यावरून फक्त बाहेरचा वातावरणाचा दाब वाचतो. नळी तशीच राहिली तर त्याला वाटेल, गाडी हिमालयात चढलीये.

मीटर बसवायची जागा जरा अडचणीची आहे, कारण ट्रकच्या थ्रॉटल बॉडीला (हवेची झडप असलेल्या भागाला) दोन नळ्या येतात. मीटर त्यांचे फाटे फुटायच्या आधी, एअर बॉक्सच्या तोंडाशीच हवा. वायरिंग सोपं: सिग्नल ५० नंबरच्या पिनला, त्याचा परतीचा ९ ला, बाकी दोन पॉवर आणि अर्थ. इंजेक्टर ताशी १९ पौंडाचेच ठेवा, ए९एल तेच धरून चालतो. 'मोठ्या इंजेक्टरसाठी कॅलिब्रेट केलेले' मीटर मिळतात. ते कॉम्प्युटरला हवेचा आकडा खोटा सांगून काम भागवतात, आणि त्याच खोट्या आकड्यावर तो स्पार्कचं टायमिंगही ठरवतो. माझ्या मते घेऊ नयेत.

माझा घोटाळा वेगळ्याच जागी झाला. सगळं जोडलं, गाडी पहिल्या सेल्फला लागली, आणि आयडल ६०० ते ११०० आरपीएममध्ये झोके घ्यायला लागला. दोन आठवडे मी वायरी तपासत होतो, एकदा तर मीटरच खराब ठरवून बदलायला निघालो होतो. एका संध्याकाळी सहज ऑइल भरायच्या तोंडावरच्या छोट्या ब्रीदर फिल्टरवर तळहात ठेवला, आणि इंजिन एकदम शांत. तो फिल्टर मीच लावला होता, इंजिन स्वच्छ दिसावं म्हणून. पीसीव्ही व्हॉल्व्ह क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पोकळीतून) मॅनिफोल्डमध्ये हवा ओढतो आणि ती हवा त्या फिल्टरमधून, म्हणजे मीटरला वगळून आत येत होती. स्पीड डेन्सिटीला अशी हवा मॅनिफोल्डच्या दाबात दिसते, तो पेट्रोल वाढवून सांभाळून घेतो. मास एअरला ती दिसतच नाही. ब्रीदरची नळी मीटर आणि थ्रॉटलच्या मधल्या पाइपात जोडली आणि झोके संपले. मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, सगळं याच नजरेनं आधी तपासून घ्या.

एवढं वायरिंग नको वाटत असेल तर दुसरी वाट आहे. आहे त्याच कॉम्प्युटरच्या मागच्या जे-३ पोर्टला चिप लावून तक्ता नव्या कॅमप्रमाणे भरून घ्यायचा, किंवा मेगास्क्वर्टसारखा स्वतंत्र कॉम्प्युटर लावायचा. दोन्ही चांगल्या, पण ट्यूनिंग येणारं माणूस हवं, आणि पुन्हा कॅम बदलला की पुन्हा ट्यूनिंग.

कॅलिफोर्नियात असाल तर थांबा. तिथे १९७६ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक (धुराची तपासणी) आहे, आणि सीएआरबीचा (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ म्हणजे मंजुरीचा नंबर नसलेला पार्ट दिसला की गाडी नापास होते. बाकी अमेरिकेतही ईजीआर, एअर पंप, कॅटॅलिटिक ही प्रदूषण कमी करणारी साधनं काढायला कायद्यानं बंदीच आहे, तेव्हा ती जोडलेलीच ठेवा.

सगळं झाल्यावर स्पाउट कनेक्टर (तो काढला की कॉम्प्युटर टायमिंग बदलत नाही) काढून स्पार्कचं बेस टायमिंग १० अंशांवर लावा, कनेक्टर परत बसवा आणि कॉम्प्युटरची सेल्फ टेस्ट चालवा. ११ हा कोड आला म्हणजे कॉम्प्युटरची तक्रार नाही. दुसरा कुठला कोड आला तर इथेच लिहा, आणि कॅमसोबत आलेलं कार्ड सापडलं तर त्यावरचं ड्युरेशन, लोब सेपरेशन आणि फायरिंग ऑर्डरही टाका.